धरमकाट्याचं कुलूप

त्या हिवाळ्यात मला काहीच नीट समजत नव्हतं, आणि माझ्या आजूबाजूचे सगळे मात्र मला सगळं समजतं असं धरून चालले होते. अमरावतीला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला तेव्हापासून मी आमच्या गल्लीची अधिकृत विद्वान होते. कोणाचा टीव्ही मुंग्या दाखवायला लागला की मला हाक. कोणाच्या इन्व्हर्टरमधून वास आला की मला हाक. मी जाऊन गंभीर चेहरा करायची, प्लग काढून परत लावायची, आणि निम्म्या वेळा ते चालू व्हायचं. का चालू झालं हे मला कळलेलं नसायचं.

नोकरी अकोल्याला होती. रोज बडनेऱ्याहून गाडी, पास काढलेला, डबा हातात. कारखाना म्हणायचं, पण होत्या दोन खोल्या आणि मागे पत्र्याचं शेड. मालकांना सगळे चाचा म्हणत, मीही म्हणत असे. त्यांच्या घराण्याचा धंदा तराजू दुरुस्तीचा. पारडी घासायची, दांडी सरळ करायची. चाचांनी त्यात इलेक्ट्रॉनिक काटे आणले. जुन्या धरमकाट्यावर, म्हणजे भरलेली गाडी वजन करायच्या मोठ्या काट्यावर, ते लाल आकड्यांची पेटी बसवून द्यायचे. पेटीच्या आत काय लिहायचं ते माझ्याकडे.

दिवस वाईट होते. सकाळी पेपर उघडायची भीती वाटायची. शेतकऱ्याच्या आत्महत्येची बातमी रोज असे, गाव कुठलं असेल हे आधी कळत नसे आणि ओळखीचं निघालं तर दिवस जात नसे. कापसाची सरकारी खरेदी रडतखडत चालली होती, म्हणून खाजगी जिनिंगवर, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यांवर, गाड्यांच्या रांगा लागत. आणि प्रत्येक जिनिंगच्या काट्यावर भांडण. शेतकऱ्याला वाटे, शेठ वजन खातो. शेठला वाटे, नोकर वजन वाढवून पाहुण्यांचं भलं करतो. नोकराला काय वाटे हे कोणी विचारत नसे.

दर्यापूरच्या एका जिनिंगच्या शेठजींनी चाचांना सांगितलं की काट्यावरचा आकडा ऑफिसच्या कॉम्प्युटरपर्यंत येताना मध्ये कोणाचा हात लागू नये, असं काहीतरी कुलूप पाहिजे. हे काम आमच्याकडे आलं ते माझ्या मामांमुळे. मामा त्या जिनिंगवर मापारी होते. गाडी काट्यावर आली की वजन बघून मोठ्यानं पुकारायचं, हे त्यांचं काम. दिवसाच्या पहिल्या गाडीला ते ‘एक’ कधी म्हणत नसत, ‘लाभ’ म्हणत. मग दोन, तीन. त्यांचा आवाज असा खडा होता की रांगेच्या टोकाला बसलेल्या माणसालाही ऐकू जाई, आणि मामांनी पुकारलेल्या वजनावर कोणी परत प्रश्न विचारल्याचं मी पाहिलं नव्हतं. मामांनी शेठजींना सांगितलं, माही भाची करते अशी मशीन.

चाचांनी शेठजींना विकताना जे वाक्य वापरलं ते मला शब्दशः आठवतं, कारण पुढे ते आमच्याच अंगावर आलं. ते म्हणाले, “शेठजी, पावतीवरचा कोड कॉम्प्युटरशी जुळला म्हणजे वजन सच्चं. नाही जुळला म्हणजे कोणीतरी काट्यात हात घातला. समझो, चोर पकडा गया.”

मी मान डोलावली होती.

कोड म्हणजे काय, ते सांगते. वजन आणि पावतीचा नंबर मिळून बाइट्सचा एक ठरावीक लांबीचा ठोकळा करायचा. मग एका गुप्त शब्दाच्या मदतीनं तो ठोकळा ढवळायचा, उलटा करायचा, परत ढवळायचा, असं पुन्हा पुन्हा, इतकं की आत काय होतं ते कोणाला ओळखू येऊ नये. पावतीवर वजनाशेजारी छापला जातो तो हा ढवळलेला आकडा. गुप्त शब्द ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर एका चौकटीत टाकायचा, तिथून वायरनं तो काट्यातही जातो. दोघांना तोच शब्द माहीत, म्हणून कॉम्प्युटरही तेच ढवळून बघतो. दोन्ही उत्तरं एक आली तर खरं. पद्धत एका पुस्तकातून घेतली होती, आणि ती सी भाषेत जेमतेम पानभर होती. अडचण ही की तेच पानभर काट्यातल्या नखाएवढ्या चिपवरही चालायला हवं आणि ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरही. मी हट्टानं एकच फाईल लिहिली. दोन वेगळ्या लिहिल्या तर उद्या एक बदलली आणि दुसरी राहिली म्हणजे गोंधळ, असं माझं म्हणणं. गोंधळ टाळायचा होता मला.

तर पहिल्याच दिवशी दोघांची उत्तरं वेगळी. चिपवर साधा पूर्णांक छोटा, कॉम्प्युटरवर मोठा. मोठा आकडा चिपमध्ये मावायचाच नाही आणि वरचा भाग गळून पडायचा. तो लांब केला. परत वेगळी. मग कळलं की एकाच आकड्याचे बाइट्स कॉम्प्युटर धाकट्यापासून ठेवतो आणि चिपचा कंपायलर थोरल्यापासून. मी एकेक बाइट हातानं उचलून जागेवर ठेवायला लागले. तेव्हा कुठे पुस्तकातलं उदाहरण दोन्हीकडे जुळलं. पुस्तकात उदाहरण एकच होतं. गुप्त शब्द म्हणून आम्ही इंग्रजी अक्षरांत दर्यापूर असं टाकलं, वजनं घेतली, सगळी जुळली. चाचांनी मागवलेली जिलबी मी पोटभर खाल्ली.

काटा दसऱ्याच्या सुमारास बसला. दिवाळीपर्यंत फोन नाही, म्हणजे सगळं ठीक. लक्ष्मीपूजनाला जिनिंगवर कॉम्प्युटरची, तिजोरीची आणि काट्याची पूजा झाली. काट्याची पूजा मामांनी केली, दरवर्षी तेच करत. नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं, पेटीला झेंडूचा हार घातला.

दिवाळी झाली आणि शेठजींचा फोन आला. एकही पावती जुळत नव्हती. लक्ष्मीपूजनापासूनची एकही.

शेठजींनी हिशोब सरळ केला. पूजेच्या वेळी काट्याजवळ एकटा कोण होता? मापारी. चाचांनी काय सांगितलं होतं? कोड नाही जुळला म्हणजे काट्यात हात. त्यांनी मामांना घरी बसायला सांगितलं. ओरडले नाहीत, पोलिसांत गेले नाहीत, नुसतं सांगितलं की मशीनचा उलगडा होईपर्यंत या नका. दर्यापूरसारख्या गावात मापाऱ्याला काट्यावरून उठवलं म्हणजे काय, हे वेगळं सांगावं लागत नाही. मामा दुसऱ्या दिवशी चौकात चहाला गेले आणि चहा अर्धा टाकून परत आले, असं मामीनं आईला फोनवर सांगितलं.

आई रडली नाही. माझ्यासमोर ताट ठेवून म्हणाली, “तुया मशीननं माह्या भावाले चोर केलं. आता तूच निस्तर.”

मी म्हटलं, “आई, मले समजून नाही राहिलं काय झालं ते.”

“मंग कोणाले समजन?”

ती चिडून बोलली असती तर बरं झालं असतं. तिला खरंच वाटत होतं की मला समजत असेल आणि मी सांगत नाही.

चाचा आणि मी दर्यापूरला गेलो. मूर्तिजापूरला उतरून जीपमध्ये दाटीवाटीनं, मांडीवर अवजारांची पेटी. काट्याचं सील शाबूत होतं. शेठजी म्हणाले, सील परत लावता येत असेल. चाचांचा चेहरा लाल झाला आणि त्यांनी स्क्रूड्रायव्हर काढला. आम्ही पेटी उघडली. मला आत ओल सापडेल अशी आशा होती, नारळाचं पाणी, काहीही. वायरच्या खाचेत थोडं कुंकू सापडलं. त्या चिमूटभर कुंकवानं मला इतका आनंद झाला की सांगता सोय नाही. ते पुसलं, वायर घासली, आतली सर्किटची पाटीसुद्धा बदलली. कोड जुळला नाही. वजन बरोबर, कोड चूक, पुन्हा तेच.

जाताना मी मामांच्या घरी गेले. मामा ओट्यावर बसून कशाची तरी दोरी वळत होते. दोरीची गरज घरात कोणाला होती कोण जाणे. मामीनं चहा दिला. मामांनी मशीनबद्दल एक शब्द विचारला नाही. माझा पगार, गाडीचा पास, बडनेऱ्याचा पूल, सगळं विचारून झालं. मग दोरी खाली ठेवून म्हणाले, “तुले काय वाटते?”

“कशाचं?”

“मी हात घातला काट्यात?”

माझ्या तोंडून निघून गेलं, “मले माईत नाही, मामा.”

मला म्हणायचं होतं की मशीनचं काय बिघडलं ते मला माहीत नाही. त्यांच्याबद्दल मला काडीचा संशय नव्हता. पण विचारलं होतं त्याचं उत्तर ते झालं. मामांनी दोरी परत उचलली आणि म्हणाले, “हां. बराबर हाये. माईत नाही त माईत नाही म्हणाव.” मी चहाचा कप खाली ठेवला आणि उठले. जीपमध्ये पूर्ण रस्ता मी बाहेर बघत बसले. दोन्ही बाजूंना काळी जमीन आणि वेचायची राहिलेली कापसाची पऱ्हाटी, आणि माझ्या डोक्यात बाइट्स.

पुढच्या खेपेला मी एकटी गेले आणि दिवसभर ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसले. शेजारी दिवाणजी. वयस्कर, स्वच्छ धोतर, कपाळावर गंध, जिनिंगची सगळी बिलं तेच मराठीत टाइप करायचे. त्या काळात मराठी टायपिंगचं वेगळंच सॉफ्टवेअर असायचं. मी सेटिंगचा पडदा उघडला, बंद केला, उघडला. गुप्त शब्दाच्या चौकटीत नेहमीसारखे तारे दिसत होते, कारण शब्द कोणी वाचू नये म्हणून मीच त्याजागी तारे दाखवले होते. त्या पडद्याकडे मी आधीही कितीदा बघितलं असेल. त्या दिवशी मात्र वाटलं की तारे कमी आहेत. दर्यापूर इंग्रजीत लिहिलं तर चौकट भरायला हवी होती. इथे कोपऱ्यात मोजके तारे आणि पुढे मोकळं मैदान.

“दिवाणजी, इथं कोणी काही टाकलं काय?”

दिवाणजींनी चष्मा वर केला. “मी टाकला ना. श्री.”

“कधी?”

“लक्ष्मीपूजनाले. तिजोरीवर श्री काढला, दारावर काढला. कॉम्प्युटरवर कुठं काढाव? काचेवर कुंकू लावलं त शेठजी म्हणे, खराब होईल. मंग उघडून पाह्यलं त ही चौकट दिसली. तिथं टाकला.”

“मला सांगितलं नाही तुम्ही.”

“त्यात काय सांगाव, बाई. श्री टाकला.”

त्यांचं अजिबात चुकलं नव्हतं. नवीन वस्तूवर श्री काढायचा असतो, तो त्यांनी काढला. मशीनचं काय बिघडलं असं सगळे विचारत होते, पूजेत काय केलं असं कोणी विचारलं नव्हतं. मला हसू येत होतं आणि कोणालातरी एक ठेवून द्यावी असंही वाटत होतं, आणि तो कोणीतरी कोण हे ठरत नव्हतं.

मी शेठजींना बोलावलं. म्हटलं, श्री काढून पुन्हा इंग्रजी शब्द टाकू आणि वजन करून बघू. दिवाणजी खुर्ची मागे सरकवून उठलेच. श्री पुसायचा? ऐन सीझनमध्ये? शेठजीही घुटमळले. शेवटी असं ठरलं की पुसायचा नाही, थोडा वेळ बाजूला ठेवायचा. दिवाणजींनी एका कागदावर श्री लिहून तो खिशात ठेवला, तेव्हा त्यांच्या जिवाला बरं वाटलं. शेठजी स्वतः काट्यावर उभे राहिले. पावती निघाली. जुळली.

“म्हणजे श्रीनं बिघडलं?” शेठजींनी विचारलं.

“शब्द कुठलाही चालायला पाहिजे,” मी म्हटलं. “तोच शब्द दोन्हीकडे जातो. मग उत्तर वेगळं का, ते मला अजून कळलं नाही.”

“मंग या मधल्या पावत्यांचं काय? त्या त नाहीच जुळत.” त्यांनी पावत्यांचा गठ्ठा टेबलावर ठेवला. “आता जुळते, तवा जुळत नव्हतं. आन मधात कोण होता? राग नका मानू, पण तुमी त्याच्या भाची आहा.”

राग आला. पण त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं, हे कळत होतं, म्हणून नीट चिडताही येईना.

कळलं ते अकोल्यात, दुपारी, डबा खाताना. मी चाचांना वैतागून समजावत होते. एका बाइटमध्ये शून्यापासून दोनशे पंचावन्नपर्यंत आकडा मावतो. इंग्रजी अक्षरं सगळी खालच्या अर्ध्यात. त्या काळच्या मराठी टायपिंगची अक्षरं बरीचशी वरच्या अर्ध्यात. बोलता बोलता मीच थांबले. सी भाषेत बाइटला जे साधं नाव आहे, ते उणे धरायचं की नाही हे भाषा सांगत नाही, प्रत्येक कंपायलरवर सोडते. आमच्या चिपचा कंपायलर कधीच उणे धरत नव्हता. ऑफिसच्या कॉम्प्युटरचा धरत होता. वरच्या अर्ध्यातलं अक्षर आलं की कॉम्प्युटर त्याला उणे समजायचा, आणि लांब आकड्यात बसवताना पुढच्या सगळ्या रिकाम्या जागा भरून टाकायचा. शेजारची अक्षरं त्यात बुडून जायची. कॉम्प्युटरपाशी श्री पोचतच नव्हता, भलताच कुठला तरी शब्द पोचत होता.

चाचा हातात पोळी तशीच धरून ऐकत होते. त्यांना त्यातलं थोडंच समजलं असावं. त्यांनी एवढंच विचारलं, “मतलब काटा बराबर होता?”

“काटा पहिल्यापासून बरोबर होता, चाचा. चूक कॉम्प्युटरची.”

“तो फिर मामू पण बराबर.”

मी फाईल उघडली. बाइटच्या नावाआधी एक शब्द वाढवला, याला कधी उणे धरू नको एवढ्या अर्थाचा. जिथं जिथं बाइट होता तिथं तिथं. बाकी काही बदललं नाही. एवढ्याशा शब्दासाठी मामा इतके दिवस दोरी वळत बसले होते, हे मनात आलं आणि डबा तसाच झाकून ठेवला.

दर्यापूरला शेठजींसमोर नवीन प्रोग्रॅम टाकला. दिवाणजींनी खिशातला कागद काढून श्री परत चौकटीत बसवला. काट्याला मी हात लावला नाही, लावूही दिला नाही. मग जुन्या पावत्यांचा गठ्ठा शेठजींनी स्वतः एकेक करून वाचला, मी आकडे टाकत गेले. जुळलं. जुळलं. जुळलं. निम्म्या गठ्ठ्यावर शेठजींनी हात थांबवला आणि माणूस पाठवून मामांना बोलावून घेतलं.

मामा आले ते धुतलेला सदरा घालून. शेठजी उभे राहिले, ही मोठीच गोष्ट होती. म्हणाले, “मापारी, सगळं जुळलं. तुमचा काही दोष नाही. कॉम्प्युटर चुकला होता. उद्यापासून या.”

मामांनी गठ्ठ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे.

“आन जुळलं नसतं त?”

शेठजी माझ्याकडे बघायला लागले. मी कीबोर्डकडे. दिवाणजींनी चष्मा पुसायला घेतला. मामा “येतो उद्या,” म्हणून निघून गेले.

मी त्या रात्री त्यांच्याच घरी राहिले. मला ते ‘माईत नाही’ परत घ्यायचं होतं. जेवताना घेता आलं नाही, नंतरही नाही.

सकाळी मी ऑफिसच्या खिडकीशी बसले. तिथून काटा समोर दिसतो. पहिली बैलगाडी काट्यावर चढली, लाल आकडे हलून थांबले. रांगेतली माणसं कान देऊन उभी. मामा आकड्याकडे बघत राहिले आणि पुकारलं नाही. हातानं पेटी दाखवली.

गाडीवाला म्हातारा होता. म्हणाला, “बोला ना, मापारी.”

“वाचा न तुमी. पावतीबी निंगते. कोडबी हाये तिच्यावर.”

“मले कुठं वाचता येते? तुमी सांगान ते वजन.”

मामांनी पेटीकडचा हात खाली घेतला. मग घसा साफ केला आणि त्यांनी पुकारलं, “लाभ!” आणि पुढे वजन, त्याच खड्या आवाजात, रांगेच्या टोकापर्यंत. म्हातारा खूश झाला, बैलाची शेपटी पिळून गाडी पुढे काढली. माझा जीव भांड्यात पडला. वाटलं, झालं, सगळं पहिल्यासारखं झालं.

तेवढ्यात मामा खिडकीपाशी आले. गजांना हात धरून, रांगेला ऐकू जाणार नाही अशा आवाजात त्यांनी मला विचारलं, “जुळलं का?”

“जुळलं, मामा.”

त्यांनी मान हलवली आणि काट्यावर गेले. दुसरी गाडी चढली. त्यांनी वजन पुकारलं आणि परत खिडकीपाशी आले.